चौथाईची पावती

१६७० च्या अखेरीस प्रतापराव गुजर खानदेशात उतरले. सुरत दुसऱ्यांदा लुटली गेल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. मोगलांच्या या भरल्या सुभ्यातून फौज पुढे वऱ्हाडातल्या कारंज्यापर्यंत गेली आणि कारंजं धुऊन निघालं. वाटेवरच्या गावांत मात्र निराळंच काही घडलं. प्रतापरावांनी गावोगावच्या पाटलांकडून लेखी कबुली घेतली: गावच्या सालीना वसुलाचा चौथा हिस्सा शिवाजी महाराजांना किंवा त्यांच्या अंमलदारांना पोचता करायचा. रक्कम पोचली की रीतसर पावती मिळेल. ती पावती असलेल्या गावाला लुटीतून माफी आणि वर संरक्षणही. मोगलांच्या खास मुलखावर चौथाई बसली ती इथून, असं ग्रँट डफने म्हटलं आहे. दरोडेखोर पावती देत नाही, आणि पुढच्या वर्षी किती नेणार हे तर मुळीच सांगत नाही. पण ज्या पाटलाने त्या कागदावर निशाणी केली, त्याच्यासमोर तलवारी उपसलेल्या होत्या. 'नाही' म्हणायची मुभा त्याला नव्हती. तेव्हा त्याने जे दिलं ते कर म्हणून दिलं, की लुटीचाच हप्ता पाडून दिला?

सरकारने घेतलेला कर ही चोरीच होय, असं मानणारा एक जुना पंथ आहे. मरे रॉथबार्ड या अमेरिकन लेखकाने ते उघड शब्दांत मांडलं. रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये जरा सभ्य भाषेत मिळकतीवरचा कर वेठबिगारीच्या रांगेत नेऊन बसवला. या मंडळींचा युक्तिवाद नेहमी काल्पनिक माणसांवर चालतो: एक बेट, त्यावर दोन शेतकरी, मग तिसरा कुणी तरी येतो. असल्या बेटावर काहीही सिद्ध करता येतं. त्यापेक्षा चौथाईचा ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास पाहावा. तिचा जन्म निर्विवादपणे जबरदस्तीतून झाला. पुढे तिला दिल्लीच्या शिक्क्याची सनद मिळाली. काही मुलखात ती सरळ जमाबंदीत जिरून गेली, तर काही मुलखात शेवटपर्यंत लूटच राहिली. घेणारे तेच, मागणी तीच, पण ठिकठिकाणी निकाल वेगळा. जबरदस्ती सगळीकडेच होती, त्यामुळे फरक जबरदस्तीने पडला नाही हे उघड आहे. सनदेनेही तो पडला नाही. घेणाऱ्याने स्वतःला किती बांधून घेतलं आणि देणाऱ्याला त्या बंधनाची आठवण करून देता येत होती की नाही, यावर तो पडला, असं मला वाटतं.

चौथाई ही मूळ मराठ्यांची कल्पना नव्हे. दमणच्या पोर्तुगीज मुलखातली गावं रामनगरच्या कोळी राजाला वसुलाचा ठराविक भाग देत असत आणि पोर्तुगीज कागदपत्रांत त्या राजाचं नावच 'चौथिया' पडलं होतं. सुरेंद्रनाथ सेन यांनी ही कागदपत्रं तपासून हा उगम दाखवून दिला. १६७२ मध्ये जव्हार आणि रामनगर महाराजांच्या ताब्यात आलं, तेव्हा त्यांनी रामनगरकरांचा हा जुना हक्क वारसाने आपला म्हणून पोर्तुगीजांकडे मागितला. म्हणजे सुरुवातीपासूनच नुसत्या बळाचा दावा पुरेसा वाटत नव्हता, त्याला हक्काचं कापड नेसवावं लागत होतं. त्याच वर्षी सुरतेच्या मोगल अधिकाऱ्यांना चौथाईची मागणी गेली, तिच्यात तर कारणमीमांसाही होती: तुमच्या बादशहाने मला माझ्या मुलखाच्या रक्षणासाठी फौज बाळगायला भाग पाडलं, तेव्हा त्या फौजेचा खर्च त्याच्या रयतेने द्यावा. युक्तिवाद चलाख आहे, पण त्यात एक अडचण आहे. सुरतेच्या व्यापाऱ्याने महाराजांवर फौज पाठवली नव्हती. बादशहाच्या अपराधाची किंमत त्याच्याकडून वसूल होत होती, आणि त्याबदल्यात त्याच्या वाट्याला पुन्हा न लुटलं जाण्यापलीकडे काही येत नव्हतं. ही खंडणीच आहे. तिला दुसरं नाव देण्याची गरज खुद्द त्या काळच्या लोकांनाही वाटली नसती.

स्वराज्याच्या आत मात्र हेच राज्य निराळ्या भाषेत बोलतं. १६७० च्या दशकातलं, चिपळूण भागात छावणीला असलेल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळून टाकलात तर पुढे घोड्यांना काही उरणार नाही. मग कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, फाटी, भाजीपाला. कुणबी घर टाकून जातील, उपाशी मरतील, आणि मोगल आले तर ते बरे होते असं म्हणू लागतील. एवढा बारीक हिशेब लावणारा राज्यकर्ता केवळ दयाळू असतो असं नाही. आपल्या शिपायाने उचललेली भाकर आणि मोगलाने उचललेली भाकर यांत कुणब्याच्या दृष्टीने फरक नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात हुकूम आहे की गावोगाव फिरावं, ज्या कुणब्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैका द्यावा, पोटाला दाणे द्यावे आणि ते पैसे वाढीदिढी न लावता ऐपत येईल तसतसे हळूहळू उगवून घ्यावे. एकाच राजाच्या दोन वागणुकी आहेत, आणि दोहोंमधली रेघ स्वराज्याच्या सीमेवरून जाते. आतल्याकडून घेतलं तर त्याचा जाब द्यायचा, बाहेरच्याकडून घेतलं तर नाही. जिझिया पुन्हा बसवल्यानंतर औरंगजेबाला महाराजांच्या नावे जे फारसी पत्र गेलं, त्यात कराची एक कसोटीच सांगितली आहे. राजकारणाच्या दृष्टीने असा कर तेव्हाच शोभेल, जेव्हा सोन्याचे दागिने ल्यालेली सुंदर स्त्री एका सुभ्यातून दुसऱ्या सुभ्यात निर्धास्त जाऊ शकेल. कसोटी उत्तम आहे. खानदेशच्या वाटांवर ती चौथाईला लावली असती तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको.

मग १७१९ उजाडलं. मोगल सरदार सय्यद हुसेन अलीबरोबर दिल्लीला गेलेले पेशवे बाळाजी विश्वनाथ परतले ते स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, विजापूर आणि हैदराबाद हे दक्षिणेचे सहा सुभे त्यात आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत या घटनेचा भर मिळालेल्या हक्कांवर असतो, पण त्या कागदांचा अधिक वाचनीय भाग शाहू महाराजांनी पत्करलेल्या जबाबदाऱ्यांचा आहे. चौथाईच्या बदल्यात बादशाही चाकरीला पंधरा हजार स्वार. स्वराज्याबद्दल दहा लाखांची सालीना पेशकश. आणि वसुलाच्या दहा टक्के असलेल्या सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखाचं रक्षण, चोराचिलटांचा बंदोबस्त, आणि चोरी झालीच तर चोर धरून देणं, नाहीतर गेलेला माल भरून देणं. हे शेवटचं कलम थांबून पाहण्यासारखं आहे. आपल्या धर्मशास्त्रांत राजाला मिळणारा सहावा भाग ही रक्षणाची मजुरी मानली आहे, आणि चोरीचा माल सापडला नाही तर राजाने तो आपल्या खजिन्यातून भरून द्यावा असंही सांगितलं आहे. गावपातळीवर रामोशी-जागल्यांची रखवाली याच तत्त्वावर चाले: चोराचा माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचा, नाहीतर नुकसानीला स्वतः जबाबदार व्हायचं. कर घेणारा आणि चोर यांच्यातलं नातं या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. जो घेतो, त्याने दुसऱ्याच्या घेण्याची जोखीम अंगावर घ्यायची.

कागदावरचं हे सगळं प्रत्यक्षात उतरलं का? फार थोडं. कारण वसुलाची वाटणीच अशी केली गेली की कुणालाही एका मुलखाची पुरती काळजी वाटू नये. चौथाईपैकी पंचवीस टक्के बाबती म्हणून राजाकडे, सहा टक्के साहोत्रा पंतसचिवांकडे, तीन टक्के नाडगौडा राजाच्या मर्जीने कुणालाही, आणि उरलेला सहासष्ट टक्क्यांचा मोकासा सरदारांत विभागून. एकाच परगण्यात चार-चार जणांचे कारकून हिंडत. शिवाय मागणीचा आकडा काढला जाई तो जुन्या तनख्यावर, म्हणजे कधीकाळी भरभराटीत ठरलेल्या आकारावर. पंचवीस-तीस वर्षांच्या लढायांनी उजाड झालेल्या मुलखातून तो आकार निघणं शक्यच नव्हतं, त्यामुळे बाकी कायमची राहणार आणि बाकीच्या निमित्ताने फौज कधीही घुसवता येणार. ग्रँट डफला यात मराठ्यांचा कावा दिसला, आणि मला तो चुकला आहे असं वाटत नाही. निजामाच्या मुलखात तर दुअंमल होता. रयतेच्या दारात एका हंगामात मोगल अंमलदार आणि मराठ्यांचा वसुली अधिकारी, म्हणजे कमाविसदार, दोघेही उभे. निजामाचं म्हणणं होतं की गावोगाव मराठ्यांची माणसं नकोत, मी माझ्या खजिन्यातून रोख देतो. पुढे त्याने आणखी एक फाटा काढला: खरे छत्रपती कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे ठरेपर्यंत चौथाई द्यायची कुणाला? बाजीरावांनी पालखेडला त्याचं उत्तर दिलं आणि मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावला निजामाने चौथाई-सरदेशमुखी मान्य केली. निजाम वेळकाढूपणा करत होता यात शंका नाही, पण प्रश्न खोटा नव्हता. पैसे नेमके कुणाला दिले की सुटका होते, हेच ज्याला कळत नाही त्याच्या दृष्टीने चौथाई आणि घाला यांत फार अंतर उरत नाही.

माळव्यात ते अंतर वाढत गेलं. १७२० च्या दशकात तिथे दसरा उलटला की मुलूखगिरीला निघालेल्या फौजा येत, खंडणी आणि घासदाणा घेत, आणि पाऊस पडायच्या आत परत जात. १७४१ मध्ये बाळाजी बाजीरावांना माळव्याची सनद मिळाली, पण खरा बदल सनदेने केला नाही. तो त्यानंतरच्या वर्षांत कमाविसदारांच्या दफ्तरांत झाला. पेशवे दफ्तरातल्या हिशेबांवरून स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी हे स्थित्यंतर फार बारकाईने दाखवलं आहे. आधी ठोक रकमेचे करार, मग परगण्यापरगण्यात कायमचा माणूस, मग गावनिहाय आकार, हप्तेबंदी, बियाण्याला तगाई, पडीक जमिनीला चढत्या साऱ्याचे कौल, आफत आली तर सूट. कमाविसदाराने आगाऊ भरणा केलेला असे, म्हणून त्याला पुढच्या वर्षीही गाव वसलेलं हवं असे. मॅन्कर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने चीनमधल्या लष्करी सुभेदारांवरून असा सिद्धान्त मांडला की भटक्या लुटारूपेक्षा ठाण मांडून बसलेला लुटारू रयतेला परवडतो, कारण त्याचा स्वार्थच त्याला हात आखडता घ्यायला लावतो. माळव्याची गोष्ट या सिद्धान्ताला बरीचशी जुळते. पण अपुरी जुळते. स्वार्थाने हात आखडता घेणारा माणूस उद्या स्वार्थ बदलला की हात सैल सोडतो. माळव्यात कौलाचा कागद गावाकडे राहिला आणि कौलात नसलेली पट्टी मागितली तर पाटलाला पुण्याला जाऊन गाऱ्हाणं घालता येऊ लागलं. प्रत्येक गाऱ्हाण्याला न्याय मिळे असं नव्हे. पण गाऱ्हाणं घालायला जागा असणं हीच चौथाईच्या आधीच्या अवतारात नसलेली गोष्ट.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. जदुनाथ सरकार म्हणत की चौथाई देऊन फक्त मराठ्यांचा उपद्रव टळे. तिसऱ्या कुणाच्या हल्ल्यापासून रक्षण करण्याचं बंधन मराठ्यांवर नव्हतं, तेव्हा तिला कर म्हणणं व्यर्थ आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी उलट तिची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली: संरक्षणाची हमी आणि तिचा खर्च, दोन्ही एकाच करारात. सरकारांचं म्हणणं १६७० च्या खानदेशाला आणि पुढे बंगालला तंतोतंत लागू पडतं, पण १७१९ च्या कागदाला लागू पडत नाही, कारण तिथे तिसऱ्याच्या चोरीचीही जबाबदारी लेखी आहे. ती पाळली गेली नाही, हे खरं. तरी मोडलेलं वचन आणि कधी न दिलेलं वचन यांत फरक असतो. पहिल्यावर बोट ठेवता येतं. रानड्यांच्या तुलनेबद्दल एवढंच म्हणावंसं वाटतं की त्यांनी चौथाईला प्रतिष्ठा देण्यासाठी ती केली आणि तिने तैनाती फौजेचीच प्रतिष्ठा कमी झाली. आपल्याच फौजेच्या धाकाने आपलीच फौज विकत घ्यायला लावणं हा धंदा कंपनीने जास्त नेटका चालवला, एवढंच.

नोझिकच्या बाजूने येणारा आक्षेप अधिक मुळाशी जातो. तो म्हणेल, पावत्या, कौल, तगाई हा सगळा लुटीचा शिष्टाचार झाला. देणाऱ्याने मनापासून 'हो' म्हटलं नाही तोवर घेतलेलं ते चोरीचंच. याला उत्तर देताना कर मुळात खुशीचा मामला असतो असलं काही सांगण्यात अर्थ नाही. तो खुशीचा नसतो. पण चोरी म्हणायला आधी मालकी ठरलेली लागते, आणि दख्खनच्या मिरासदाराची, म्हणजे वंशपरंपरागत जमीनधारकाची, मालकी कुठे ठरत होती ते पाहिलं पाहिजे. जमिनीचा तंटा पडला की गोतसभा बसे, पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि त्यावर सरकारचा शिक्का पडे. मिरासदार पोटासाठी परगंदा झाला तरी वर्षानुवर्षांनी परतून थकलेल्या साऱ्याचा निकाल लावून आपली जमीन मागू शके. हक्क टिकवणारी आणि सारा घेणारी व्यवस्था एकमेकींत गुंतलेली होती. एकीला चोर ठरवून दुसरीच्या जोरावर मालक म्हणवून घेणं जमणार नाही. नोझिकचा अनुयायी इथे बरोबर पकडेल की मिरास राजाने दिलेली नव्हती, ती गावाची होती आणि कित्येक राज्यांहून जुनी होती. मान्य आहे. म्हणूनच राजाच्या घेण्याला मर्यादा होती. गावाने मानलेल्या हक्कापलीकडे हात घालणारा राजा चोरच ठरतो. पण मग आपण 'सगळा कर ही चोरी' इथून निघून 'कोणता कर ही चोरी' इथे येऊन पोचलो, आणि खानदेशच्या पाटलाला पहिल्यापासून हाच प्रश्न पडलेला होता. पावती मिळण्यात आणि गाव जळण्यात त्याला जो फरक दिसत होता तो ज्या सिद्धान्ताला दिसत नाही, तो सिद्धान्त फार कडक असेल, पण धारदार नाही.

बंगालबद्दल आपण मराठीत मोकळेपणाने लिहीत नाही. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बर्दवान-मुर्शिदाबादच्या मुलखात शिरल्या आणि पुढची नऊ-दहा वर्षं येत राहिल्या. गावं जाळली गेली, बायकांवर अत्याचार झाले, रेशमाच्या आणि कापडाच्या कामाचे मुलूख ओस पडले. गंगाराम नावाच्या समकालीन कवीने ते सगळं लिहून ठेवलं आहे, आणि त्याच्या रचनेचं नाव 'महाराष्ट्र पुराण' असं आहे. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मूल झोपवताना बंगाली आया अजून जे गातात त्यात बर्गी, म्हणजे मराठा स्वार, आले ही भीती आणि आता सारा कसा भरायचा ही विवंचना एका दमात येते. बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने १७४४ मध्ये भास्कररामांना भेटीला बोलावून दग्याने मारलं. त्याने काही थांबलं नाही. अखेर १७५१ मध्ये तह झाला: ओरिसाचा वसूल आणि बंगालच्या चौथाईबद्दल सालीना बारा लाख रुपये. इथे कमाविसदार नव्हता, कौल नव्हता, तगाई नव्हती. नागपूरकरांवर एकच बंधन होतं, सुवर्णरेखा ओलांडून परत यायचं नाही. याला चोरी म्हणायला मला संकोच वाटत नाही.

पण त्या तहाचा दुसरा अर्धा भाग मुर्शिदाबादला आहे. अलीवर्दीने मराठ्यांच्या नावाने जमीनदारांवर 'चौथ मराठा' असा अबवाब, म्हणजे जादा पट्टी, बसवला आणि जमीनदारांनी तो खाली रयतेवर ढकलला. ज्याचं घर बर्गींनी जाळलं, त्यानेच बर्गींची रक्कम भरायची, आणि ती भरायची आपल्या कायदेशीर नवाबाला, रीतसर हप्त्यांनी. १७६५ मध्ये दिल्लीच्या बादशहाने बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली, अगदी बाळाजी विश्वनाथांच्या सनदांसारखीच मोहोरबंद. वसुलाच्या आकड्यांत हे जुने अबवाब धरलेलेच होते. नागपूरची चौथाई मात्र कंपनीने दिली नाही. जानोजी भोसल्यांची मागणी बोलाचालीत लोंबकळत ठेवली. मग १७७० चा दुष्काळ आला. वॉरन हेस्टिंग्जने नोव्हेंबर १७७२ मध्ये लंडनला कळवलं की प्रांतातली निदान तिसरा हिस्सा माणसं गेली आणि तरीही १७७१ चा निव्वळ वसूल १७६८ च्या वर गेला, कारण तो जबरदस्तीने पहिल्या पातळीवर टिकवला गेला. कसा, तेही त्याने सांगितलं आहे. 'नाजाई' नावाची एक पट्टी होती: गावातले जे मेले किंवा पळून गेले, त्यांच्या साऱ्याची तूट मागे उरलेल्या शेजाऱ्यांवर वाटून घ्यायची. कंपनीकडे सनद होती, दफ्तर होतं, हप्ते होते, पावत्या होत्या. बर्गींकडे यातलं काहीच नव्हतं, पण मेलेल्याचा हिस्सा मागायला ते शेजाऱ्याच्या दारात गेले नव्हते.